पोरांच्या श्रमाचा सौदा नको म्हणणारे झाकीरसाहेब

वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी एक शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी महात्मा गांधी होते. विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, मुंबई प्रांताच्या कारभाराची सूत्रे नुकतीच हाती घेतलेले बाळासाहेब खेर अशी मंडळी जमली होती. प्रांतांमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे येऊन काहीच महिने झाले होते आणि त्यांच्यापुढे एक पेच होता. दारूबंदी करायची तर अबकारीचे उत्पन्न बुडणार, आणि शाळांचा खर्च बराचसा त्याच उत्पन्नावर चालत होता. गांधीजींनी तोड सुचवली ती अशी : प्रत्येक मुलाला सात वर्षे मोफत आणि सक्तीचे शिक्षण द्यावे, ते मातृभाषेतून द्यावे, ते एखाद्या हातउद्योगाभोवती गुंफावे, आणि मुलांनी तयार केलेल्या मालाच्या विक्रीतून निदान शिक्षकाचा पगार तरी निघावा.

या सभेत दिल्लीहून आलेले चाळिशीचे एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. अंगात खादीची शेरवानी, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर नीट राखलेली दाढी. हातांनी काम करता करता शिकणे ही कल्पना शिक्षणशास्त्राला नवी नाही, आपल्याला ती मान्यच आहे, असे त्यांनी सांगितले. मग मुद्द्याला हात घातला. शाळेने स्वतःचा खर्च स्वतः काढावा यावर फार भर दिला, तर शिक्षक हा मुकादम होऊन बसेल आणि गरिबांच्या पोरांना राबवून घेईल. तसे झाले तर टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली, गांधीजींच्याच योजनेतल्या सर्वांत लाडक्या कलमाविषयी हे बोलणे सोपे नव्हते. गांधीजींनी काय केले? योजनेचा अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद याच गृहस्थांच्या गळ्यात पडले. ते होते डॉ. झाकीर हुसेन.

पुढे ते राष्ट्रपती झाले आणि टपाल तिकिटांवर व सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर गेले. त्यामुळे त्यांच्या आयुष्याची जी वर्षे खरोखर मोलाची, ती झाकली गेली. ती वर्षे शाळेत गेली होती.

झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादेत झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबाद जिल्ह्यातील कायमगंजचे, आफ्रिदी पठाणांचे. वडील फिदा हुसेन खाँ निजामाच्या राजधानीत वकिली करत. झाकीर दहा वर्षांचे असताना वडील गेले आणि कुटुंब कायमगंजला परतले. मुलाला इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलच्या वसतिगृहात ठेवले. तिथले मुख्याध्यापक सय्यद अल्ताफ हुसेन यांचा ठसा त्यांच्यावर कायमचा उमटला. १९११ साली प्लेगने आईलाही नेले. चौदाव्या वर्षी आईबापाविना पोरका झालेला हा मुलगा शाळेच्याच आधाराने वाढला. शाळा म्हणजे मुलाचे दुसरे घर, ही गोष्ट त्यांना कुणी व्याख्यानातून शिकवण्याची गरज नव्हती.

अलीगढच्या कॉलेजात ते हुशार, हजरजबाबी आणि काहीसे आळशी म्हणून प्रसिद्ध होते. डॉक्टर व्हायचे मनात होते, पण आजारपणामुळे तो मार्ग सुटला. १९२० साली ते एम. ए.चे विद्यार्थी होते आणि तिथेच थोडे शिकवतही होते. ऑक्टोबरमध्ये गांधीजी आणि अली बंधू असहकाराचा संदेश घेऊन अलीगढला आले. सरकारी मदतीवर चालणारे कॉलेज सोडा, असे आवाहन झाले. पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या आणि ते वर्गात परत गेले. झाकीर हुसेन मात्र बाहेर पडले. सोडायचे तर जायचे कुठे, हा प्रश्न विचारून ते आणि त्यांचे मित्र थांबले नाहीत. राष्ट्रीय नेत्यांच्या मागे लागून २९ ऑक्टोबर १९२० रोजी त्यांनी एक नवी संस्था उभी राहायला लावली. तिचे नाव जामिया मिल्लिया इस्लामिया. पायाभरणी मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते झाली. आरंभीचे वर्ग तंबूंत भरत.

१९२२ मध्ये ते जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठात वेर्नर झोम्बार्ट या नामांकित अर्थशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील शेतीव्यवस्थेवर प्रबंध लिहिला आणि १९२६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पण बर्लिनमध्ये त्यांचा जीव अर्थशास्त्राइतकाच इतर गोष्टींत रमला होता. कावियानी छापखान्यातून त्यांनी गालिबच्या दिवाणाची देखणी छोटी आवृत्ती काढली आणि त्यासाठी स्वतः खिळे जुळवायला शिकले. पुस्तकी विद्वानाने हात काळे करण्याचा हा पहिला धडा म्हणायला हरकत नाही. त्याच काळात केर्शेनश्टायनर या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची श्रमशाळेची कल्पना त्यांनी आत्मसात केली. मनापासून, नेटके आणि स्वतःच्या जबाबदारीवर केलेले काम माणसाला घडवते. शाळेने असे काम मुलाला द्यायला हवे, हे त्या कल्पनेचे सार.

इकडे जामियाचे दिवस भरत आले होते. खिलाफतीची चळवळ ओसरली आणि तिच्याबरोबर पैशाचा ओघही आटला. संस्था बंद करावी की काय, अशी चर्चा सुरू झाली. बर्लिनमधल्या तीन मित्रांनी, म्हणजे झाकीर हुसेन, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब यांनी कळवले की आम्ही परत येऊन जामियाला वाहून घेऊ, तोवर दार लावू नका. हकीम अजमल खाँ यांनी संस्था अलीगढहून दिल्लीत करोलबागेत आणली आणि आपल्या खिशातून तगवली. १९२६ च्या सुरुवातीला तिघे परतले. एकोणतिसाव्या वर्षी झाकीर हुसेन जामियाचे शेखुल जामिया, म्हणजे कुलगुरू, झाले. हे पद त्यांनी बावीस वर्षे सांभाळले.

कुलगुरू म्हटले की आज जे चित्र डोळ्यांपुढे येते ते पुसून टाकावे लागेल. हकीमसाहेब १९२७ च्या अखेरीस गेले आणि संस्थेचा एकमेव भक्कम आधार तुटला. तेव्हा शिक्षकांनी एकत्र येऊन शपथ घेतली : वीस वर्षे जामिया सोडणार नाही आणि महिना दीडशे रुपयांहून जास्त वेतन घेणार नाही. दीडशे ही वरची मर्यादा. प्रत्यक्षात झाकीरसाहेब त्याच्या निम्म्याच्या आसपासच घेत आणि तेही कैक महिने हाती पडत नसे. युरोपातली डॉक्टरेट असलेल्या माणसाला तेव्हा सरकारी नोकरीत याच्या कितीतरी पट मिळाले असते. शफीकुर्रहमान किडवई या सहकाऱ्याने हमदर्दाने-जामिया नावाची योजना काढली. मोठ्या देणगीदारापुढे वाकण्यापेक्षा हजारो लोकांकडून लहान लहान रकमा गोळा कराव्यात, अशी तिची रीत होती. गांधीजींचे पुत्र देवदास आणि नातू रसिक हेही काही काळ जामियात होते.

झाकीरसाहेबांचे लक्ष मात्र विद्यापीठाच्या पदव्यांपेक्षा प्राथमिक शाळेकडे अधिक असे. ते स्वतः लहान मुलांना शिकवत, त्यांच्यासाठी गोष्टी लिहीत. अब्बू खाँ की बकरी ही त्यांची गोष्ट उर्दू शाळांतून शिकलेल्या कित्येक पिढ्यांना पाठ आहे. मूळ कल्पना फ्रेंच लेखक दोदे याची, पण झाकीरसाहेबांनी तिला डोंगरातली आपली हवा दिली. दाव्याला बांधून राहण्यापेक्षा लांडग्याशी रात्रभर झुंजून मरणे पत्करणारी ती चांदणी नावाची बकरी, पारतंत्र्याच्या काळात मुलांना काय सांगत होती ते उघड आहे. कुलगुरूंनी ही गोष्ट स्वतःच्या नावाने छापली नाही. लेखिका म्हणून नाव होते रुकय्या रेहाना, आणि रेहाना हे त्यांच्या धाकट्या लेकीचे नाव.

त्या रेहानाचा प्रसंग जामियाच्या आठवणींमध्ये वारंवार येतो. प्राथमिक शाळेत मुले पास झाल्याची मिठाई वाटली जात होती. झाकीरसाहेब स्वतः वाटत होते. शिपायाने येऊन कानात सांगितले की मुलीची प्रकृती फार बिघडली आहे. ते वाटत राहिले. थोड्या वेळाने शिपाई पुन्हा आला आणि ती गेल्याचे सांगून गेला. चेहरा पांढरा पडला, पण हात थांबला नाही. मुले इतकी आनंदात होती, त्यांचा आनंद मोडवेना, असे नंतर त्यांनी घरी सांगितले म्हणतात. लोक हा किस्सा त्यांच्या संयमाचे कौतुक म्हणून सांगतात. घरी मुलीपाशी एकट्या बसलेल्या शहाजहाँ बेगम यांचा विचार मात्र क्वचितच कुणी करते.

या शाळेत मुलांची बँक होती, मुलांचे दुकान होते, कोंबड्या पाळणे होते. हिशेब मुलेच ठेवत. बर्लिनची जुनी मैत्रीण गेर्डा फिलिप्सबॉर्न ही ज्यू तरुणी जर्मनीत हिटलरची सत्ता येण्याच्या सुमारास जामियात दाखल झाली आणि लहान मुलांच्या वर्गात मिसळून गेली. मुले तिला आपाजान म्हणत. १९४३ मध्ये ती वारली आणि जामियाच्याच कब्रस्तानात तिला दफन केले. मार्च १९३५ मध्ये ओखला येथे जामियाच्या नव्या वास्तूची कोनशिला बसवायची होती, तेव्हा तुर्कस्तानच्या विदुषी हालिदे अदीब दिल्लीत होत्या, देशातले मोठे नेते हाताशी होते. कोनशिला बसवली ती शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याने.

इतका सगळा अनुभव पाठीशी घेऊन झाकीरसाहेब वर्ध्याला आले होते. म्हणूनच मुलांच्या श्रमाची किंमत बाजारभावाने लावण्याच्या कल्पनेला ते बिचकले. काम हे शिकण्याचे साधन असेल तर मूल चुकणार, सूत तुटणार, लाकूड वाया जाणार. विक्रीवर डोळा ठेवणारा शिक्षक ते वाया जाऊ देणार नाही. तो चलाख मुलाला तेच ते काम पुन्हा पुन्हा करायला लावील आणि मंद मुलाला बाजूला बसवील.

समितीत विनोबा, काकासाहेब, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, के. टी. शहा, ख्वाजा गुलाम सय्यदैन, श्रीकृष्णदास जाजू, आशादेवी आणि आर्यनायकम् होते. २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे दीड महिन्याच्या आत, अहवाल तयार झाला. आजच्या समित्यांचा वेग पाहता हे विशेषच. अहवालात सात ते चौदा या वयाच्या मुलामुलींसाठी पूर्ण अभ्यासक्रम होता. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यातले तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला, चाळीस मिनिटे मातृभाषेला, चाळीस मिनिटे संगीत, चित्रकला आणि गणिताला, तीस मिनिटे समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला, दहा मिनिटे व्यायामाला आणि दहा मिनिटांची सुटी. वर्षाला २८८ दिवस शाळा. शिक्षकाला महिना पंचवीस रुपये मिळावेत, निदान वीसच्या खाली जाऊ नये. परीक्षापद्धती ही शिक्षणाला लागलेली कीड आहे, असा अहवालाचा सूर होता.

तीन तास वीस मिनिटे कापूस पिंजायचा आणि सूत कातायचे, एवढेच वाचले तर कुणीही दचकेल. पण त्या वेळातच इतर विषय शिकायचे होते. यालाच पुढे समवाय पद्धती म्हणू लागले. टकळीवर सूत काढताना तारा मोजायच्या म्हणजे गणित आले. कापूस वऱ्हाडच्या काळ्या मातीत का पिकतो आणि कोकणात का नाही, हा भूगोल. इथला कापूस मँचेस्टरला जाऊन कापड होऊन परत कसा आला, हा इतिहास. हे सगळे करून दाखवायला शिक्षक फार तयारीचा लागतो, आणि योजनेचा सगळा भार नेमका त्या बाजूवर होता. जामियात १९३८ मध्ये उस्तादों का मदरसा ही शिक्षक घडवणारी संस्था निघाली ती याच जाणिवेतून.

पैशाच्या प्रश्नावर समितीने शब्द जपून वापरले. शाळेने खर्च काढला तर उत्तमच. पण नाही काढला तरी शिक्षण म्हणून ही योजना योग्यच आहे आणि देशाने ती स्वीकारावी, अशी भूमिका तिने घेतली. आर्थिक बाजूच्या मागे लागून शिक्षणाचा हेतू गमावू नये, हा इशाराही लिहून ठेवला. वर्ध्याच्या सभेतली झाकीरसाहेबांची हरकत अशी अहवालात उतरली.

फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना मान्य केली. एप्रिलमध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. कार्यालय सेवाग्रामला, अध्यक्ष झाकीर हुसेन, चिटणीस आर्यनायकम्. मुंबई प्रांतात खेरांनी ही योजना मनावर घेतली.

आणि मग टीकेचे मोहोळ उठले. मुस्लिम लीगच्या पीरपूर अहवालाने योजनेवर कोरडे ओढले. शाळेत धर्मशिक्षणाला जागा का नाही, मुसलमान मुलांना आपल्या संस्कृतीपासून तोडण्याचा हा डाव आहे, असा आरोप झाला. मध्य प्रांतात त्याच सुमारास विद्यामंदिर नावाची वेगळी योजना आली होती. तिच्या नावावरून भडकलेला राग वर्धा योजनेवरही निघाला. खरे तर अभ्यासक्रमात सर्व धर्मांविषयी आदर मुलांच्या मनात रुजवावा असे स्पष्ट म्हटले होते. जामिया मिल्लिया इस्लामियाचा कुलगुरू असलेला माणूस आपल्याच समाजातल्या पुष्कळांच्या नजरेत हिंदूंचा हस्तक ठरला. त्यांनी तोंडाला तोंड दिले नाही. शाळेचे काम चालू ठेवले.

दुसरी हरकत कमी गोंगाटाची, पण जास्त खोल होती. सात वर्षांच्या अभ्यासक्रमात इंग्रजी नव्हती. योजना मुख्यतः गावाकडच्या मुलांना समोर ठेवून आखलेली होती. सगळ्याच शाळांत ती लागू झाली असती तर वकिलाचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एकाच बाकावर बसून सूत कातते, एकाच वेळी इंग्रजीला लागते. तसे झाले नाही. टकळी गावाकडच्या, गरिबांच्या शाळेत गेली. शहरातल्या इंग्रजी शाळा जशा होत्या तशा राहिल्या. खेड्यातल्या बापाने पाहिले की साहेबाचा पोरगा व्याकरण शिकतोय आणि आपल्याला मात्र जे घरी करतो तेच शाळेत करायला सांगताहेत. त्याने योजनेकडे पाठ फिरवली, यात त्याचा काही दोष नव्हता.

१९४६ च्या नोव्हेंबरात जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देशात दंगली पेटल्या होत्या. काही महिन्यांपूर्वीच हंगामी मंत्रिमंडळात काँग्रेसच्या बाजूने मुसलमान घेण्याला जीनांनी विरोध केला होता आणि त्यात झाकीर हुसेन यांचे नाव पुढे आले होते. तरीही त्यांनी एका व्यासपीठावर नेहरू, आझाद, राजगोपालाचारी यांच्या शेजारी जीना आणि लियाकत अली खाँ यांना आणून बसवले. तेव्हा हे दुसऱ्या कुणाला जमले नसते. मग या सर्वांना उद्देशून ते बोलले. घराला आग लागलेली असताना ती कुणी लावली याची चौकशी करत बसू नका, आधी विझवा. जळत्या जगात आम्ही शिक्षकांनी मुले वाढवायची कशी, असे त्यांचे विनवणे होते. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. आग विझली नाही.

ऑगस्ट १९४७ मध्ये प्रकृतीसाठी काश्मीरला जात असताना जालंधर स्टेशनवर जमावाने त्यांना घेरले. एक शीख लष्करी अधिकारी आणि एक हिंदू रेल्वे कर्मचारी मध्ये पडले म्हणून ते वाचले. दिल्लीत करोलबागेतले जामियाचे पुस्तकभांडार जळाले. भाऊ महमूद हुसेन पाकिस्तानात गेले आणि तिथे शिक्षणमंत्री झाले. झाकीरसाहेब ओखल्यालाच राहिले. जामियाचे शिक्षक निर्वासितांच्या छावण्यांत मदतीला गेले.

पुढची वाटचाल सर्वांना माहीत आहे. १९४८ ते १९५६ अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू, १९५७ पासून बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न, १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. गुलाबांचा आणि दगडगोट्यांचा छंद त्यांनी राजभवनातही जपला.

नई तालीमचे मात्र नाव मोठे होत गेले आणि आतला जीव आटत गेला. आपल्याकडे मूलोद्योग शाळा, जीवन शिक्षण मंदिर अशा पाट्या लागल्या. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या जुन्या इमारतींवर त्या अजून दिसतात. वेळापत्रकात सूतकताईचा तास आला. तो बहुधा दुपारचा, कंटाळ्याचा तास असे. पेळू तुटत, टकळ्या हरवत, गुरुजी वही तपासत बसत. सूत आणि भूगोल यांची गाठ कुणी घातलीच नाही. झाकीरसाहेबांनी पुढच्या काळात मूलोद्योग शिक्षणाच्या नावाने जे चालले आहे ती फसवणूक आहे, अशा कडक शब्दांत आपली निराशा बोलून दाखवली. स्वतःच लावलेल्या झाडाविषयी इतके परखड बोलणारे शिक्षणतज्ज्ञ फार नसतील. त्यांच्या दृष्टीने काम अजूनही योग्यच होते, मात्र ते मुलाने ठरवलेले, मुलाने पार पाडलेले आणि मुलानेच तपासलेले हवे होते. नुसती हालचाल म्हणजे काम नव्हे, हे ते शिक्षकांना पुन्हा पुन्हा समजावत राहिले.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती भवनात त्यांचे निधन झाले. पदावर असताना वारलेले ते पहिले राष्ट्रपती. दफनासाठी त्यांना ओखल्याला, जामियाच्या आवारात आणले गेले. शहाजहाँ बेगम यांची कबर तिथे त्यांच्या शेजारीच आहे.